अंगठ्याची मुदत

वटवृक्षाच्या पानावर पहुडून पायाचा अंगठा चोखणाऱ्या बालमुकुंदाची तसबीर ज्या घराच्या देवघरात श्रद्धेने पुजली जाते, त्याच घरात नातीने हाताचा अंगठा तोंडात घातला की कडू काळ्या बोळाची पुडी शोधली जाते. आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल असे त्या घरात कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः प्रश्न सोपा नाही. बालकाच्या चोखण्याला निसर्गाची अनुज्ञा आहे हे जितके खरे, तितकेच त्या चोखण्याने कोवळ्या जबड्याची घडण बदलू शकते हेही खरे. परंतु यांपैकी एकाच बाजूची कैफियत ऐकून निकाल देण्याची घाई बहुतेक कुटुंबांतून होते. दोन्ही बाजू एकाच बैठकीत, सारख्याच अधिकाराने आणि सारख्याच आस्थेने मांडल्या गेलेल्या मी सांगलीच्या एका वाड्यात ऐकल्या, म्हणून त्या संभाषणाची ही नोंद करून ठेवीत आहे.

बोलणारे दोघे परस्परांचे व्याही-विहीण. व्याही हे माझे जुने स्नेही. लहान मुलांचे वेडेवाकडे दात मार्गावर आणण्यात त्यांची सारी उमेद गेली. विहीणबाई बालवाडीच्या शिक्षिका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ज्या बालशिक्षणाचा पाया घातला त्या परंपरेत त्या तयार झालेल्या, आणि मुलाला हात न लावता नुसते पाहत राहणे ही शिक्षकाची पहिली विद्या, असे मानणाऱ्या. वादाचा विषय दोघांचीही नात, वय वर्षे साडेचार, जी त्या वेळी आतल्या खोलीत उजवा अंगठा तोंडात घालून झोपली होती. माझा अधिकार केवळ ऐकणाऱ्याचा. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात गेल्यामुळे दोन पक्षांचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घेण्याची सवय मात्र अंगी मुरलेली आहे.

प्रारंभ विहीणबाईंनी केला, आणि तोही तक्रारीनेच.

“डॉक्टरसाहेब, काल पंगतीत पोरीच्या देखत तुम्ही म्हणालात की दसऱ्याच्या आत हा अंगठा सुटलाच पाहिजे. तुमचा हुकूम ऐकून तिने अंगठा तोंडातून काढला, हात धुण्याच्या निमित्ताने उठली, आणि कोठीच्या दारामागे उभी राहून पुन्हा तोंडात घातला. जे ती उघडपणे करीत होती ते आता चोरून करू लागली, एवढेच त्या हुकुमाचे फळ. मला तुमच्या विद्येचा आदर आहे. पण या सवयीला तुम्ही रोग म्हणता, आणि मी तिला बालकाने स्वतःच शोधून काढलेले स्वतःचे सांत्वन म्हणते. जन्माला येण्यापूर्वीच मूल अंगठा चोखते. बेलफास्टचे पीटर हेपर यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भांचे निरीक्षण करून बहुतांश गर्भ उजवाच अंगठा चोखतात असे दाखवून दिले, त्यालाही आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्या क्रियेचा अभ्यास निसर्ग गर्भातच करून घेतो, तिच्यावर साडेचार वर्षांनी फिर्याद गुदरायची म्हणजे काय?”

डॉक्टरांनी पानाचा डबा बाजूला सारला. “विहीणबाई, तुम्ही पहिल्या वर्षाची गोष्ट सांगत असाल तर माझी हरकत नाही, दुसऱ्या वर्षाची सांगत असाल तरी नाही. अर्भक चोखते ते केवळ भुकेसाठी नव्हे, हे आम्ही दंतवैद्यही शिकतो. डेव्हिड लेव्ही नावाच्या अमेरिकन वैद्याने १९३४ साली कुत्र्याच्या पिलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या पिलांना मोठ्या भोकाच्या बोंडातून भरभर दूध मिळे, त्यांचे पोट भरे, पण चोखण्याची इच्छा अपुरी राही, आणि ती पिले एकमेकांचे अंग व जे सापडेल ते चोखीत बसत. चोखणे ही स्वतंत्र गरज आहे, हे मला कबूल. परंतु गरजेला वय असते. दुधाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस दात उभे राहतात, सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ येते आणि सहा-सात वर्षांच्या सुमारास पटाशीचे कायमचे दात हिरडी फोडू लागतात. अंगठ्याला मी आजन्म हद्दपारी सांगत नाही. या वेळापत्रकात त्याची मुदत कुठे संपते, एवढेच विचारतो.”

असे म्हणून ते उठले आणि कपाटातून प्लास्टरचे दोन नमुने घेऊन आले. नऊ वर्षांच्या एका मुलाचे ते वरचे आणि खालचे जबडे. प्लास्टर पिवळट पडलेले, तळाशी पेन्सिलीने घातलेली तारीख अर्धवट पुसलेली. त्यांनी खालचा जबडा पाटावर ठेवला व वरचा त्यावर अलगद बसवला. दाढा दाढांवर नीट टेकल्या. पुढे मात्र वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये एक लंबगोल फट तशीच राहिली, उजवीकडे अधिक रुंद, डावीकडे निमुळती होत गेलेली. वरचे दात ओठाच्या दिशेने बाहेर कललेले, खालचे आत जिभेकडे झुकलेले. डॉक्टरांनी विहीणबाईंना त्या फटीत बोट घालून पाहण्यास सांगितले. त्यांचा अंगठा अडला. करंगळी मात्र तिरपी आत गेली आणि जणू तिच्यासाठीच जागा ठेवावी तशी बसली.

“हा मुलगा आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रभर उजवा अंगठा तोंडात ठेवून झोपे,” डॉक्टर म्हणाले. “शेवया त्याला पुढच्या दातांनी तोडता येत नसत, पेरूची फोड तो तोंडाच्या कडेने, सुळ्याखाली धरून फोडी. घास गिळताना पुढची फट बंद करण्यासाठी त्याची जीभ दातांच्या मधून बाहेर डोकावे, आणि ‘सरस’ म्हणायला गेला की ‘स’मध्ये ‘थ’ची छटा उतरे. अंगठा सुटल्यावरही ती जीभ त्या फटीत येत राहिली, आणि अंगठ्याने उघडलेला दरवाजा जिभेने उघडा ठेवला. शिवाय पुढे आलेले दात पडझडीत आधी सापडतात. वरचे दात तीन मिलिमीटरहून अधिक पुढे असलेल्या मुलांच्या दातांना इजा होण्याचा धोका इतरांच्या मानाने जवळजवळ दुप्पट असतो.”

“पण एवढे हाड, एवढी मुळे, आणि त्यांना एक मऊ अंगठा हलवतो?” विहीणबाईंनी विचारले. हा प्रश्न त्यांनी वादासाठी केला नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि डॉक्टरांनीही उत्तर त्याच भावनेने दिले.

“दात हाडात रोवलेला आहे म्हणून स्थिर आहे, ही समजूत बरोबर नाही. आतून जीभ, बाहेरून ओठ आणि गाल, यांच्या मंद परंतु अखंड दाबांचा समतोल जिथे साधतो, तिथे दात उभा राहतो. भाकरी चावताना दाढेवर कितीतरी किलोंचा भार पडतो, तरी ती सरकत नाही, कारण तो भार क्षणिक असतो. उलट अगदी हलका दाबही दिवसातून सहा-सहा तास पडत राहिला की हाड झिजून वाट करून देते आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड भरते. आम्ही तारा लावून दात हलवतो तेही याच नियमाने. विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ साली या समतोलाच्या सिद्धांताची फेरतपासणी केली तेव्हा हाच निष्कर्ष ठामपणे मांडला, की दाबाच्या जोरापेक्षा दाबाचा काळ मोठा. त्यामुळे दिवसा चारदोनदा चुटूचुटू आवाज करीत जोराने चोखणाऱ्या मुलाचे दात बहुधा शाबूत राहतात, आणि नुसता अंगठा तोंडात ठेवून रात्रभर निपचित झोपणाऱ्याचे कलतात. दुसरे असे, की अंगठा आडवा आल्याने पुढचे दात पुरते उगवत नाहीत, आणि तोंड किंचित उघडे राहिल्यामुळे मागच्या दाढांना मात्र नेहमीपेक्षा अधिक उगवायला वाव मिळतो. जबड्याचा सांधा मागे कानापाशी आहे. तेव्हा मागे दाढ एक मिलिमीटर वर आली की पुढची फट सुमारे दोन मिलिमीटरने वाढते.”

विहीणबाईंनी नमुना हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाल्या, “हे पटण्यासारखे आहे. तरीही जगातल्या प्रत्येक पुढे आलेल्या दाताचा जबाब तुम्ही अंगठ्याकडून घेऊ नका. माझ्या वडिलांचे दात पुढे होते, त्यांच्या वडिलांचेही होते. आणि माझ्या बालवाडीत अशी कितीतरी मुले येत ज्यांनी कधी बोट तोंडात घातले नाही, तरी ज्यांचे दात एकावर एक चढलेले. आईने वेळीच बोट काढले नाही म्हणून मुलाचे तोंड बिघडले, असे सासरच्या माणसांनी सुनेला ऐकवलेले मी या कानांनी ऐकले आहे. शास्त्राचे वाक्य घरात शिरले की त्याचा कोरडा कुणाच्या पाठीवर बसतो, हे दवाखान्यात दिसत नाही.”

हे डॉक्टरांनी निःशंकपणे मान्य केले. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या विषम जुळणीचे तीन वर्ग ठरवले, आणि त्यांतील खालचा जबडाच मुळात मागे किंवा पुढे असण्याचा जो दोष, तो पुष्कळ अंशी कुळातून येतो; अंगठा त्यात भर घालतो, पण त्याचा जनक नव्हे, असे ते म्हणाले. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचाही त्यांनी उल्लेख केला. “परंतु या नमुन्यातली फट उजवीकडे रुंद आहे आणि मुलगा उजवाच अंगठा चोखीत होता. कुळाने दिलेला दोष डावे-उजवे असे पाहून येत नाही. मुलाचे बोट पाहिले तरी आम्हाला साक्ष मिळते: चोखण्याच्या अंगठ्याचे नख बाकीच्या नखांपेक्षा स्वच्छ असते, कातडी पांढुरकी व सुरकुतलेली असते, आणि दात टेकतात त्या जागी घट्टा पडलेला असतो.”

यापुढे विहीणबाईंनी जो पुरावा दाखल केला तो मला अनपेक्षित होता. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या एक हजाराहून अधिक मुलांचा आजतागायत पाठपुरावा चालू आहे. २०१६ साली तेथील संशोधकांनी असे प्रसिद्ध केले, की तेराव्या वर्षी त्वचेवर चाचणी घेतली असता, अंगठा चोखणे किंवा नखे खाणे यांपैकी कोणतीच सवय नसलेल्या मुलांत ४९ टक्के, एक सवय असलेल्यांत ४० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ३१ टक्के मुले कशा ना कशाच्या ॲलर्जीला संवेदनशील आढळली. “बोटाबरोबर थोडी धूळ, थोडे जंतू पोटात जातात आणि शरीर त्यांच्याशी ओळख करून घेते, असा त्यांचा तर्क आहे,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनाही हा अहवाल परिचित होता. दमा आणि परागकणांमुळे होणारी सर्दी यांच्या प्रमाणात मात्र त्या मुलांत फरक दिसला नाही, आणि मुलांना अंगठा चोखण्यास उत्तेजन द्यावे असे त्या संशोधकांनी स्वतःही म्हटलेले नाही, एवढे त्यांनी निदर्शनास आणले. माझ्या मते येथे दोघेही प्रामाणिक होते. आकडे खरे आहेत, पण त्यांवरून साडेचार वर्षांच्या एका विशिष्ट मुलीच्या तोंडाचा निर्णय होत नाही.

विहीणबाईंचा खरा रोष दातांच्या शास्त्रावर नव्हताच. तो उपायांच्या इतिहासावर होता, आणि त्या विषयाकडे वळल्यावर त्यांच्या स्वरात धार आली. “फ्रँकफर्टच्या हाइन्रिश हॉफमान नावाच्या डॉक्टराने १८४५ साली मुलांसाठी एक चित्रांचे पुस्तक काढले. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे शिंपी कात्रीने कापून नेतो. ते पुस्तक पिढ्यान् पिढ्या मुलांना वाचून दाखवले गेले. अमेरिकेत एमेट होल्ट यांचे बालसंगोपनाचे पुस्तक १८९४ पासून घरोघर पोहोचले. त्यात झोपताना मुलाचे हात मोज्यांत घालावेत किंवा कुशीला बांधून ठेवावेत, असा सल्ला असे. पुढे ॲल्युमिनियमचे हातमोजे निघाले. आणि आपल्याकडे? काळा बोळ, कडुनिंबाचा पाला, कारल्याचा रस. हेही चालले असते, पण मिरची लावलेले बोट मुलाने झोपेत डोळ्याला चोळलेले मी पाहिले आहे. त्या मुलाला मी बालवाडीत दिवसभर मांडीवर घेऊन बसले होते.”

“मिरचीचे मी समर्थन करणार नाही, आणि बोळाचेही, मुलाला शिक्षा म्हणून लावला असेल तर,” डॉक्टर म्हणाले. “पण तुमच्या बाजूनेही एक भीती पसरवली गेली, तिची जबाबदारी कोणी घ्यायची? बुडापेस्टच्या लिंडनर या बालवैद्याने १८७९ साली बोटे चोखणाऱ्या मुलांवर निबंध लिहिला, फ्रॉइडने १९०५ साली त्याच्या आधाराने आपली उपपत्ती उभारली, आणि मग ही सवय मोडली तर मुलाच्या मनातला क्षोभ दुसऱ्या कुठल्या तरी विकृतीच्या रूपाने बाहेर पडेल, असे आईबापांना सांगितले जाऊ लागले. त्या भयाने कितीतरी मुले दहाव्या वर्षापर्यंत चोखीत राहिली. प्रत्यक्षात पुढच्या काळात ज्यांनी सवय सोडवून मुलांचा पाठपुरावा केला, त्यांना तसे काही दिसले नाही. उलट पॅट्रिक फ्रिमन या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली केस उपटणाऱ्या मुलांचे अंगठा चोखणे थांबवले, तर त्यांचे केस उपटणेही आपोआप थांबले.”

मध्यंतरी चोखणीचा विषय निघाला, कारण विहीणबाईंची थोरली मुलगी न्यू जर्सीत असते आणि तिच्या बाळाला रात्री रबरी चोखणी देतात. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी आहे, आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दूध पाजण्याची रीत अजून पुरती मोडलेली नाही, तेव्हा हे परदेशी खूळ त्यांना खपत नव्हते. डॉक्टरांनी येथे अनपेक्षितपणे चोखणीची बाजू घेतली. झोपेत अर्भकाचा अकस्मात मृत्यू होण्याचा धोका चोखणीमुळे कमी होतो असे आढळल्यावरून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ पासून पहिल्या वर्षात, आणि आईचे दूध नीट सुरू झाल्यावर, झोपताना ती देण्याचा सल्ला दिला आहे. मधात बुडवून मात्र केव्हाही देऊ नये, वर्षाच्या आतील बाळाला मध धोक्याचा आहे, हेही त्यांनी बजावून सांगितले. चोखणीने वरची दंतपंक्ती अंगठ्याहूनही अधिक अरुंद होण्याचा संभव असतो. पण तिसऱ्या वर्षी चोखणी कपाटात ठेवून कुलूप लावता येते, अंगठा ठेवता येत नाही. आणि सर्वांत चांगले काय, तर आईचे दूध. ब्राझीलच्या पेलोटास शहरात २००४ साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात, केवळ अंगावरच वाढलेल्या मुलांत पुढचा उघडा चावा आणि दातांची विषमता कमी आढळली. यावर दोघांचेही लगेच एकमत झाले.

आता वादाला वळण लागले ते असे. विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही स्वतःच सांगता की कायमचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांना येतात, आणि तोपर्यंत सवय सुटली तर पुढची फट पुष्कळदा आपली आपण मिटते. मग आपल्या हाती अजून दीड वर्ष आहे. शाळेत गेली, सोबतीच्या मुली दिसल्या, की पुष्कळ मुले स्वतःहून सोडतात. दसऱ्याची घाई कशासाठी?”

डॉक्टर काही क्षण थांबले. “पुढच्या फटीसाठी नव्हे. तुम्ही पुढचे दात पाहता. सगळेच पाहतात, कारण ते दिसतात. मी मागचे पाहतो. तोंड मिटलेले असताना जीभ टाळूला टेकलेली असते आणि वरच्या दंतपंक्तीला आतून आधार देते. अंगठा शिरला की जीभ खाली दबते. त्याच वेळी चोखण्याने गालांचे स्नायू आत ओढले जातात. आतला आधार सुटला आणि बाहेरचा दाब वाढला, की वरची कमान अरुंद होऊ लागते, सुळ्यांपाशी सर्वांत आधी. मग वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेर बसायच्या त्या आत बसू लागतात. आडवा चावा म्हणतात तो हा. आणि पुढची फट जशी मिटते तसा हा आडवा चावा आपोआप सुटेल असा भरवसा धरता येत नाही. आयोवा विद्यापीठात वॉरेन आणि बिशारा यांनी मुलांच्या दातांचे नमुने तपासून २००१ साली जे प्रसिद्ध केले, त्यात चौथ्या वर्षानंतर सवय चालू राहिलेल्या मुलांत बदल सर्वांत अधिक होते; पण त्याआधी सोडलेल्यांपैकी काहींतही आडवा चावा शिल्लक होता.”

“आणि आपल्या पोरीचे?”

“परवा ती माझ्याशी दात मोजण्याचा खेळ खेळत होती, तेव्हा पाहिले. उजवी बाजू ठीक आहे. डावीकडे वरचा सुळा खालच्या सुळ्याच्या टोकावर टोक ठेवून उभा राहतो, आणि तिथे अडखळल्यावर सोयीची जागा शोधण्यासाठी खालचा जबडा सुमारे दीड मिलिमीटर डावीकडे सरकतो. तोंड उघडले की वरखालच्या दातांची मधली रेघ एका ओळीत येते, मिटले की चुकते. जबडा वाढीच्या वयात असा रोज एका बाजूला सरकून मिटू लागला, तर तो तसाच वाढू शकतो. आज तो सुळा नुसता टोकाला टोक आहे. सवय आता सुटली, तर क्वचित टोक किंचित घासून काम भागते. दोन वर्षांनी टाळू रुंद करण्याचे यंत्र बसवावे लागेल.”

विहीणबाईंनी नमुना पाटावर ठेवला. “मग हे तुम्ही कालच का नाही सांगितलेत?”

“पंगतीत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.”

“हुकूम सोडण्यासारखी तरी ती जागा होती का?”

याला डॉक्टरांनी उत्तर दिले नाही, आणि माझ्या मते त्याला उत्तर नव्हतेही. घराघरांतून या प्रश्नावर जी भांडणे होतात ती बहुतेक अशीच होतात; ज्याला धोका ठाऊक असतो तो कारण न सांगता आज्ञा करतो, आणि ज्याला मूल ठाऊक असते तो आज्ञेच्या रागाने धोक्याकडेच पाठ फिरवतो. मुलाच्या तोंडात मागच्या बाजूला काय चालले आहे हे पाहण्याची तसदी मात्र फार थोडे लोक घेतात. साडेतीन-चार वर्षांच्या अंगठा चोखणाऱ्या मुलाला एकदा दाताच्या डॉक्टराकडून नीट पाहून घ्यावे, आणि दोन्ही बाजूंच्या सुळ्यांची आणि दाढांची जुळणी विचारून घ्यावी, एवढी गोष्ट जरी घडली तरी निम्मे वाद मिटतील.

त्यानंतर बोलणे उपायांवर आले आणि येथे विहीणबाईंची विद्या कामास आली. पोर अंगठा केव्हा घालते, हे त्यांनी आठवडाभर टिपून ठेवले होते: दुपारी झोपताना, रात्री झोपताना, आणि मोबाइलवर गोष्ट पाहताना. खेळताना कधीच नाही, चित्र काढताना कधीच नाही. “आणि आणखी एक. उजवा अंगठा तोंडात गेला की डावा हात गोधडीचा कोपरा शोधतो. माझ्या जुन्या नऊवारीच्या काठाची गोधडी आहे. त्या काठाचा पीळ ती बोटांभोवती फिरवीत राहते. गोधडी नसेल तर अंगठा तोंडात जातो, पण ठरत नाही.”

हे ऐकताच डॉक्टर पुढे सरकून बसले. लेव्ही यांनीच १९२८ साली बोट चोखण्याबरोबर दुसऱ्या हाताच्या अशा जोडहालचाली चालतात याची नोंद केली होती, आणि फ्रिमन यांनी पुढे एका मुलाची बाहुली बाजूला ठेवल्यावर त्याचे चोखणेच थांबल्याचे दाखवले, असे त्यांनी सांगितले. “गोधडी काढून घ्या. बोळ नको, मोजे नको, यंत्र नको.”

“काढून घ्या म्हणता! एका रात्रीत तिची दोन्ही माणसे न्यायची?”

येथे पुन्हा मतभेद झाला, आणि तो पूर्णपणे मिटला असे मी म्हणणार नाही. टाळूला तारेची जाळी बसवून अंगठ्याची सुखद जागाच बंद करण्याचा जो उपाय, त्याविषयी विहीणबाईंनी स्पष्ट विरोध नोंदवला. सहा वर्षांच्या आत, आणि मुलाला स्वतःला सोडायची इच्छा असल्याखेरीज, आपणही ती बसवीत नव्हतो, असे डॉक्टरांनी सांगितले. केंटकीतील हॅस्केल यांनी १९९१ साली जाळीऐवजी जिभेने फिरवता येईल असा मणी बसवण्याची युक्ती काढली, तिचेही त्यांनी वर्णन केले. पण कोणता उपाय श्रेष्ठ, याविषयी पुरावा फारसा भक्कम नाही हेही त्यांनी लपवले नाही: २०१५ साली या विषयावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा निकषात बसणारे अवघे सहा प्रयोग आणि अडीचशेच्या आसपास मुले हाती आली. त्यांवरून यंत्र आणि समजावणी-बक्षिसे दोन्हींचा उपयोग होतो एवढेच दिसते.

अखेरीस जो तहनामा झाला त्यातील कलमे अशी की, मोबाइलवरची गोष्ट यापुढे कोणाच्या तरी मांडीवर बसून, हातात चित्रांची वही असतानाच पाहायची. कॅलेंडरवर ज्या दिवशी दुपारची झोप अंगठ्याशिवाय झाली त्या चौकटीत पोरीने स्वतःच्या हाताने चांदणी काढायची, आणि एखादी चौकट रिकामी राहिली तर कोणीही त्याचा उल्लेख करायचा नाही. रात्री कोपराला सैल पट्टी गुंडाळायची, पण ती तिच्या संमतीने आणि तिनेच रंग निवडून. पाहुण्यांसमोर, पंगतीत अथवा फोनवर या विषयाचा शब्दही काढायचा नाही. आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी डावा सुळा पुन्हा पाहायचा. तारीख म्हणून दसरा विहीणबाईंनी खोडून काढला आणि संक्रांत घातली. डॉक्टरांनी ती मुदतवाढ नाखुशीने, पण मंजूर केली.

गोधडीचा प्रश्न शेवटपर्यंत तहकूब राहिला होता. उठता उठता विहीणबाईच म्हणाल्या, “गोधडी मी उद्या धुवायला माझ्याकडे नेईन. पण तिला विचारून.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“तर परवा पुन्हा विचारीन.”